दुपारची हाक

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी…” एवढं बोलून ती थांबली. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं, झोपेतून उठवलं असतं तरी धडाधड म्हणून दाखवलं असतं, पण ते तोंडातून बाहेर पडेना. खाली फलाटावर कुठल्याशा बाईने सुटायच्या बेतात असलेल्या गाडीमागे धावत हाक मारली होती, “अहो, डबाऽऽ!” खिडकीतून एक हात बाहेर आला, त्याने डबा घेतला, गाडी हलली, बाई पदराने कपाळ पुसत माघारी वळली. एवढंच. रोज दहादा घडावं असं. पण वरच्या काचेच्या खोलीत माईक चालू राहिला होता आणि सगळ्या स्थानकभर तिची नुसती शांतता ऐकू जात होती. शेजारच्या टेबलावरच्या नियंत्रकांनी वेळापत्रकातून मान वर केली. “काय ताई, डोळा लागला की काय?” ती खाकरली, घोटभर पाणी प्यायली आणि वाक्य पुरं केलं. आवाज नेहमीसारखाच निघाला, सपाट आणि कुणाचाच नसलेला. या आवाजाचाच तर तिला पगार मिळत होता. पण माईक बंद करायचा राहिलाय हे तिला कितीतरी वेळाने कळलं.

ती हाक तशी हुबेहूब नव्हती. या बाईने ‘डबा’ उंच नेऊन तिथेच सोडून दिला होता. नवऱ्याच्या कारखान्यातल्या निवांतरावांची बायको तसं करत नसे. तिचा ‘अहो’ अगदी आखूड, जवळजवळ गिळलेला, आणि ‘डबा’ वर चढून शेवटी दमल्यासारखा खाली यायचा. शिवणकामाचा कारखाना वरच्या मजल्यावर, जिना अरुंद आणि लाकडी, आणि त्या बाईचे गुडघे गेलेले. म्हणून ती खालूनच हाक मारायची आणि पहिल्या पायरीला टेकून उभी राहायची. वरून उत्तर यायचं, “आलो गं.” मग निवांतराव इस्त्री उभी करून, हात पुसत, कठड्याला धरून सावकाश खाली यायचे. त्यांचं खरं नाव काय होतं ते कारखान्यात कुणी घेत नसे. इस्त्रीच्या टेबलाशी उभा असलेला हा माणूस कशाचीच घाई करत नसे, म्हणून निवांतराव. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी नवऱ्याला भेटायला ती जायची तेव्हा हे सगळं कितीदा पाहिलेलं, ऐकलेलं. तिचे कान पहिल्यापासून तिखट. शाळेत बाई पाठमोऱ्या असताना कोण बोललं हे ती नुसत्या खाकरण्यावरून सांगायची. कुणाचाही आवाज एकदा कानात शिरला की तो तिथे घर करून राही, आणि निवांतरावांच्या बायकोची हाक तर तिला आवडायची. एवढ्या दोन शब्दांत केवढा संसार भरलेला आहे, असं तिला वाटायचं, आणि स्वतःच्या सपाट आवाजाची थोडी लाजही वाटायची.

तिचा नवरा नकलाकार. म्हणजे पोटापाण्याला कापड कापणारा, कारखान्यातला कटर, पण जीव सगळा नकलांत. याच काचेच्या खोलीखाली, चौकशीच्या खिडकीशी उभं राहून त्याने पहिल्यांदा तिचीच नक्कल केली होती. “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, खिडकीतल्या बाई आज हसणार नाहीत.” रांगेतली माणसं खो खो हसली, आणि तीही. इतकं हसायला तिला त्याआधी कुणी लावलं नव्हतं. आई म्हणाली होती, “दुसऱ्याला हसणारा माणूस आहे, जपून.” ती म्हणाली होती, “हसवणारा आहे गं आई.” या दोन शब्दांत काय अंतर आहे ते कळायला तिला बरीच वर्षं लागली. घरात आलेला प्रत्येक पाहुणा गेल्यावर पुन्हा एकदा यायचा, नवऱ्याच्या तोंडून. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त एखादा माणूस आवडेनासा झाला की नकलेला धार चढायची. मग तो त्या माणसाची दुखरी जागा शोधत राहायचा, कापडावर खडूने रेघ आखावी तशी नीट, बेतशीर.

निवांतराव त्याला आवडेनासे झाले ते त्यानेच कापलेल्या एका कोटाच्या हातावरून, म्हणजे बाहीवरून. कोट इस्त्रीला आला, हात काही केल्या सरळ पडेना. निवांतरावांनी पाणी मारून पाहिलं, ओला फडका टाकून पाहिलं, मग हळूच म्हणाले, “हा इस्त्रीने बसायचा नाही. कापतानाच धागा फिरलाय, कापड तिरकं गेलंय.” त्यांच्या मनात काही नसेल, पण मागे मालक उभे होते आणि मालकांशेजारी गिऱ्हाईक. त्या संध्याकाळी नवरा घरी आला तो मुकाट जेवला. ताटावरून उठताना म्हणाला, “एकदा त्याने माझ्या अंगावर हात टाकायला हवा. मालकाला मारामारी खपत नाही. त्याच दिवशी बाहेर.” ती म्हणाली, “जाऊ दे ना.” पण त्याने जाऊ दिलं नाही. त्याने निवांतरावांचा चष्मा लपवला, चहात मीठ टाकलं, चालण्याची नक्कल केली. निवांतराव चष्मा शोधून काढत, चहा ओतून देत, आणि नक्कल बघून म्हणत, “छान जमलीय.” एवढं झाल्यावर माणसाने सोडून द्यावं की नाही! नवरा आणखीच पेटला. मग निवांतरावांची बायको गेली. साध्या तापाने, बघता बघता. निवांतराव कामावर परत आले, घरून डबा स्वतःच आणू लागले, पण दुपार झाली की त्यांची नजर जिन्याकडे जायची. हे नवऱ्याने घरी येऊन सांगितलं. हसून नाही, विचार करत सांगितलं, आणि तिला तेव्हाच समजायला हवं होतं.

समजलं नव्हतं असंही नाही. त्याने स्वयंपाकघरात ओट्याला टेकून “अहो, डबाऽऽ” म्हणून पाहिलं, तेव्हा ही थट्टा कुणासाठी आहे ते तिने ओळखलं होतं. पण त्याची नक्कल चुकीची होती, आणि चुकीचा आवाज तिला सहनच होत नसे. “छे, असं नाही,” ती म्हणाली. “‘अहो’ एवढा लांबवू नकोस. आणि शेवट खाली आण. दमलेली होती ती.” त्याने पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, “अजून थोडा खाली.” कित्येक दिवसांनी दोघं असे जवळ उभे राहून काही करत होते. तो कारखान्यातली धुसफुस घेऊन घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आज तो तिच्याकडे शिकत होता. आवाजाच्या बाबतीत आपण त्याच्यापेक्षा वरचढ आहोत हे तिला त्या ओट्याशी पहिल्यांदा दाखवता आलं, आणि तिला ते आवडलं. लेक तेव्हा एवढीशी होती, दारात बसून भातुकली मांडत होती. तिला ते ठकी म्हणत. ठकीने मान वर न करता सांगितलं, “इस्त्रीवाल्या काकू आल्या.” दोघं हसले. त्या हसण्याची आठवण आली की अजून तिला डोळे मिटून घ्यावेसे वाटत, पण डोळे मिटल्याने कान कुठे मिटतात!

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन वाजला. नवऱ्याला हसू आवरत नव्हतं. “अगं, जमलं! जिन्यात जाऊन हाक मारली. ‘आलो गं’ म्हणाला! ‘आलो गं’ म्हणत धावला, धावला म्हणजे विचार कर, निवांतराव! इस्त्री कोटावर तशीच. कोट जळाला, धूर, सगळे हसतायत. जिन्यापाशी येऊन बघतो तर मी.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. आता येईल बघ अंगावर. आज नाही तर उद्या.” ती काय म्हणाली होती? ती हसली होती. पुढची गाडी लागली होती, नियंत्रक खुणावत होते, तिने “बरं बरं, ठेव” म्हणून फोन ठेवला आणि गाडीची घोषणा केली. त्या घोषणेत तिचा आवाज जराही हलला नव्हता.

संध्याकाळी कारखाना सुटताना निवांतराव अंगावर आले. दिवसभर इस्त्रीपाशी खाली मान घालून उभा असलेला माणूस कापडाच्या टेबलाशी गेला आणि त्याने कटरची मोठी कातर उचलली. कारखान्यात कुणी कुणाच्या कातरीला हात लावत नाही. मागूनसुद्धा घेत नाहीत, दुसऱ्याच्या हाताने धार जाते म्हणतात. तेव्हा निवांतरावांच्या हातात ती कातर दिसली आणि सगळे मागे सरले. नवरा जिन्याच्या तोंडाशी होता. कातर वर झाली. नवऱ्याने दोन्ही हातांनी ढकललं. एकदाच. निवांतराव मागे इस्त्रीच्या टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर पडले आणि उठले नाहीत.

खटल्यात कुणीच खोटं बोललं नाही, आणि दुखणं तेच होतं. आधी हात कोणी उचलला, असं प्रत्येकाला विचारलं, आणि प्रत्येकाने खरं ते सांगितलं. दुपारी काय झालं होतं? थट्टा झाली होती, रोजचीच. मोहोर असलेली चिठ्ठी बांधून ती कातर कोर्टातल्या टेबलावर ठेवलेली होती. नवऱ्याचे वकील उंच, गोड बोलणारे. म्हणाले, “थट्टेचं उत्तर कातरीने देतात का? दुपारचं भांडण दुपारी संपलं. राग निवायला संध्याकाळपर्यंतचा वेळ मिळाला. माझा अशील घरी निघाला होता. जीव वाचवायचा हक्क काय फक्त गोड स्वभावाच्या माणसांनाच असतो?” निकाल वाचताना न्यायाधीश एका जागी थांबले होते. समोरच्याने हल्ला करावा म्हणूनच कुणी त्याला मुद्दाम डिवचलं असेल, तर कायदा त्याला असं पाठीशी घालणार नाही, असं ते म्हणाले. पण आरोपीला तसं काही घडवून आणायचं होतं, असा कोणताही पुरावा समोर आलेला नाही. पुरावा मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता. तिला कुणी विचारलं नव्हतं. खटल्याच्या आधी वकिलांनी एकदा सहज विचारलं होतं, “वहिनी, त्याआधी घरात या विषयावर काही बोलणं?” ती तोंड उघडायच्या आत त्यांनीच वही मिटली होती. “नसेलच. नसलेलं बरं.” निवांतराव मरावेत असं नवऱ्याच्या मनात नव्हतं, हे ती देवासमोरही सांगू शकली असती. त्याला फक्त एक हात उचलला जायला हवा होता. तो उचलला गेला.

निकालानंतर कोर्टाच्या ओसरीत निवांतरावांचा धाकटा भाऊ तिच्याजवळ आला होता. रागाने नाही. शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात टोपी. “वहिनी, सुटले ते सुटले. मला आता कुणाला आत टाकायचं नाही. पण दुपारी नेमकं काय झालं होतं? आमचा दादा मुंगी बाजूला करून चालायचा. लोक म्हणतात, बायको गेल्यावर त्याचं डोकं फिरलं. आईला काय सांगू मी?” ती म्हणाली, “मी तिथे नव्हते हो.” तो म्हणाला, “हो, तेही खरंच,” आणि टोपी घालून निघून गेला. तिने त्या दिवशी स्वतःशी एक सौदा केला. नवऱ्याने पुन्हा कधी कुणाची नक्कल केली नाही, तर आपण गप्प राहायचं. माणूस आतून बदलला असेल, तर गेलेल्याचं मरण अगदीच वाया गेलं नाही, असं धरायचं. आणि खरोखर, घरी आल्यापासून नवरा गप्प गप्प होता. कुणाचा आवाज काढत नव्हता. कधी नळाखाली हात धरून उभा राहायचा, पाणी वाहत राहायचं. एकदा म्हणाला होता, “मी मारायला नव्हतो गेलो गं.” तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता, आणि तिला त्याची दया आली होती, खोटं का बोला.

हा सौदा आतापर्यंत टिकला होता. आज ती कामावरून घरी आली तेव्हा ठकी जमिनीवर बसून शाळेचा धडा मोठ्याने वाचत होती. पुढचे दात पडलेले, त्यामुळे प्रत्येक ‘स’ शिट्टीसारखा निसटत होता. नवरा खुर्चीत होता. ती ओट्याशी काकडी चिरायला लागली. मागे ठकीचं वाक्य संपलं आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं, शिट्टीसकट. सुरीवरचा तिचा हात थांबला. ठकी हसली. पुढचं वाक्य वाचलं. ते पुन्हा आलं. “बाबा, नको ना.” “बाबा, नको ना.” ठकीने पुस्तक तोंडाजवळ घेतलं, आवाज बारीक केला. बारीक आवाजही परत आला. नवऱ्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी जीव आला होता, गालाला लाली आली होती. ठकीने एक ‘स’ गाळून टाकला, तर त्याने त्या गाळण्याचीच नक्कल केली. इतकी अचूक की कुणालाही हसू आलं असतं. मग ठकीच्या हातून कंपासपेटी उडाली. नवऱ्याच्या खांद्याला लागून भिंतीवर आदळली, पट्टी आणि पेन्सिली खोलीभर झाल्या, आणि त्याने ठकीचं मनगट पकडलं. पिरगळलं नाही फार, पण सोडलंही नाही. “पाहिलंस?” तो बायकोला म्हणाला. “आधी हात कोणी उचलला? मी बसलो होतो नुसता.”

ठकी रडत नव्हती. ती आईकडे बघत होती. “आई, तू सांग ना. तू इथेच होतीस.”

“सोड तिला,” ती म्हणाली. “सुरुवात तू केलीस.”

त्याने सोडलं. मग हसला, पाठ ताठ केली, आणि तिच्याच सपाट आवाजात म्हणाला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आमच्या घरात थट्टा करायला मनाई आहे.” अगदी तिचाच आवाज. श्वास कुठे घेते तेसुद्धा. त्या क्षणी तिच्या हातातली सुरी घट्ट धरली गेली. तिने ठरवलं नव्हतं, हातानेच ठरवलं. खांद्यापासून खाली काहीतरी गरम उतरत गेलं आणि खोलीत त्याच्या तोंडाखेरीज दुसरं काही उरलं नाही. निवांतराव, तिच्या मनात आलं. असं झालं होतं तर तुम्हाला. सबंध दुपार तुम्ही हे घेऊन इस्त्री फिरवत राहिलात. तिने सुरी मोरीत टाकली. हात धुतले. ठकीला चपला घालायला सांगितल्या.

“कुठे निघालीस?” नवऱ्याचा आवाज आता त्याचा स्वतःचा होता, आणि घाबरलेला. “अगं, गंमत केली. ए, ऐक ना. कुठे?”

“निवांतरावांच्या घरी,” ती म्हणाली. तो दारापर्यंत आला, चौकटीला हात लावून उभा राहिला. अडवलं नाही. बाहेर अजून उजेड होता. ठकीने रस्ताभर मनगट चोळलं आणि एकदा विचारलं, “आपण परत यायचं का?” ती म्हणाली, “माहीत नाही गं,” आणि हे इतकं खरं होतं की ठकीने पुन्हा विचारलं नाही.

भाऊ दारातच होता, हात ओले, भांडी घासत असावा. आत खाटेवर त्याची म्हातारी आई भिंतीकडे तोंड करून निजली होती. तो “या” म्हणाला, पण ती उंबऱ्यापाशीच थांबली. “भाऊ, तुम्ही विचारलं होतं ते. मी तिथे नव्हते म्हणाले. तिथे नव्हते, पण त्यात होते.” आणि तिने सांगितलं. कोटाच्या हातापासून सांगितलं. नवऱ्याला काय हवं होतं ते सांगितलं. ओट्याशी कोण कुणाला शिकवत होतं ते सांगितलं. फोनवर कोण हसलं ते सांगितलं. हे सांगताना आवाज सपाट राहील असं तिला वाटलं होतं, पण तो राहिला नाही. भावाच्या हातावरचं पाणी सुकून गेलं.

“म्हणजे आमच्या वहिनीची हाक,” शेवटी तो म्हणाला. “कशी मारली?”

तिला मारता आली असती. जगात आता ती हाक दोघांनाच येत होती. आत खाटेवर म्हातारी थोडी हलली. तिने मान हलवली आणि नुसते शब्द सांगितले, आवाजाशिवाय, कागदावर लिहून दाखवल्यासारखे. “अहो, डबा. एवढंच.”

“आणि दादा?”

“आलो गं, म्हणाले,” ती म्हणाली. “इस्त्री टाकून धावले.”

भाऊ दाराच्या पायरीवर खाली बसला. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून तो समोर बघत राहिला. “धावला,” तो म्हणाला. “त्याला वाटलं असेल…” आतून म्हातारीने विचारलं, “कोण आलंय रे?” ती आणि ठकी हात धरून उभ्या होत्या, आणि त्या दोघींनाही कुणी जा म्हटलं नाही.